ट्रॉम्बोनवाले कुठून आले? एका संशोधन-प्रश्नाचा माग

'विषय' आणि 'प्रश्न' यांत फरक काय, हे पीएच.डी.च्या प्रवेश-मुलाखतीत हमखास विचारतात. व्याख्या पाठ करून हा फरक डोक्यात बसत नाही. एखादं उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत ओढून न्यावं लागतं. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ, आणि मुद्दाम आपल्या रोजच्या वाचनापासून लांबचं घेऊ: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात ट्रॉम्बोन वाजवणारे लोक. माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रात झालंय, त्यामुळे मध्येच थोडं गणितही येईल. घाबरू नका, दहावीपुरतंच आहे.

संगीताच्या इतिहासाचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. त्यात साधारण असं एक वाक्य सापडतं: व्हेनिसच्या जोवान्नी गाब्रिएलीने हाइन्रिश श्यूत्झला शिकवलं, आणि श्यूत्झने व्हेनिसचं संगीत जर्मनीत नेलं. दोन माणसं, एक बाण, विषय संपला. वाक्य चुकीचं नाही. पण जरा थांबून विचार करा. गाब्रिएलीने १५९७ मध्ये छापलेल्या संग्रहात एक प्रसिद्ध रचना आहे, 'सोनाता पिआन ए फोर्ते'. वाद्यांचे दोन गट समोरासमोर. एका गटात कॉर्नेटो आणि तीन ट्रॉम्बोन, दुसऱ्यात व्हायोलिनच्या घराण्यातलं एक तंतुवाद्य आणि तीन ट्रॉम्बोन. म्हणजे आठ जणांत सहा ट्रॉम्बोनवाले. असलं संगीत एका विद्यार्थ्याच्या डोक्यात बसून आल्प्स ओलांडू शकतं का? कागदावरची रचना ओलांडेल. पण वाजवायला सहा माणसं लागणार, त्यांना वाद्यं लागणार, ती वाद्यं एका पट्टीत असावी लागणार, आणि महिन्याच्या महिन्याला त्यांना कुणीतरी पगार द्यावा लागणार.

इथे विषयाचा प्रश्न होतो. विषय होता 'गाब्रिएलीचा श्यूत्झवरील प्रभाव'. प्रश्न झाला: एक छोटा वाद्यवृंद सीमा ओलांडून दुसऱ्या गावी उभा राहायला काय काय लागतं, आणि त्यातलं काय आधी तुटतं? पहिल्यावर निबंध लिहिता येतो. दुसऱ्याचं उत्तर पुराव्याने शोधता येतं, आणि ते चुकीचंही ठरू शकतं. ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नसतो, हे लक्षात ठेवा.

आधी वाद्य समजून घेऊ

ट्रॉम्बोन तुम्ही पाहिलेला आहे. लग्नाच्या बँडमध्ये एक माणूस लांब पितळी नळी पुढे-मागे सरकवत वाजवत असतो, तो. हे वाद्य पंधराव्या शतकात युरोपात आकाराला आलं. इटालियनमध्ये 'ट्रॉम्बोने' म्हणजे मोठी तुतारी, जर्मनमध्ये 'पोझाउने', जुन्या इंग्रजीत 'सॅकबट'. तेव्हाच्या वाद्याचं तोंड आजच्यापेक्षा अरुंद आणि नळी बारीक असायची. आवाज त्यामुळे मऊ, माणसाच्या गळ्याशी मिसळणारा. म्हणूनच ते चर्चमध्ये गायकांच्या सोबतीला बसायचं. वरचे सूर बहुतेक वेळा कॉर्नेटो घ्यायचा. कॉर्नेटो म्हणजे लाकडी, वरून चामडं चढवलेलं, बासरीसारखी भोकं असलेलं पण तुतारीसारखं फुंकून वाजणारं वाद्य.

आता थोडं भौतिकशास्त्र. साध्या तुतारीतून ठरावीकच सूर निघतात. नळीची लांबी ठरली की तिचे स्वर ठरले, आणि खालच्या सप्तकात ते एकमेकांपासून खूप दूर असतात. ट्रॉम्बोनमध्ये नळीची लांबीच बदलता येते. अर्धा स्वर खाली यायचं तर लांबी सुमारे ६ टक्क्यांनी वाढवावी लागते. मधल्या आकाराच्या ट्रॉम्बोनची नळी उलगडली तर साधारण २.७ मीटर भरते. त्याचे ६ टक्के म्हणजे १६ सेंटिमीटर. सरकनळी दुहेरी असते, त्यामुळे हात सरकतो फक्त ८ सेंटिमीटर. सहा अर्धस्वर खाली जायला हात जेमतेम ५५-५६ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे माणसाच्या हाताच्या आवाक्यात. त्या काळच्या दुसऱ्या पितळी वाद्यांना हे इतकं सहज जमत नव्हतं.

हे गणित मुद्द्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण त्या युरोपात दर शहराची पट्टी वेगळी होती. आपल्याकडे एक गायक काळी एकमध्ये गातो, दुसरा काळी चारमध्ये, आणि तंबोरा त्याप्रमाणे लावून घेतात. ऑर्गन असा लावून घेता येत नाही. त्याच्या नळ्या एकदा बसवल्या की बसवल्या. कॉर्नेटोची भोकंही पाडलेलीच. परगावहून आलेल्या वादकाला स्थानिक ऑर्गनशी जुळवून घ्यायचं तर सरकनळीवाला सगळ्यात सुखी. कागदपत्रं बघण्याआधीच वाद्य आपल्याला एक शक्यता सुचवतं: प्रवासी वादकासाठी हे वाद्य सोयीचं असणार. लक्षात घ्या, ही अजून नुसती शक्यता आहे, पुरावा नाही.

दोन शहरं, एकच वर्ष

१५६८ हे वर्ष धरा. म्युनिकमध्ये २२ फेब्रुवारीला बव्हेरियाचा राजपुत्र विल्हेल्म आणि लोरेनची रेनाटा यांचं लग्न झालं. दरबारच्या संगीताचा प्रमुख होता ऑर्लांडो दि लासो. त्याचा जन्म आजच्या बेल्जियममधल्या मॉन्स गावचा, उमेदीची वर्षं इटलीत गेलेली, आणि नोकरी म्युनिकला. त्याच्या हाताखालचे बरेच गायक-वादक इटलीचे. लग्नात आलेस्सान्द्रो स्त्रीज्जो या मांतुआच्या संगीतकाराची चाळीस स्वतंत्र आवाजांची रचना झाली. त्यातले आठ आवाज आठ ट्रॉम्बोनांवर होते, आठ तंतुवाद्यांवर, आठ बासऱ्यांवर. जोडीला कळफलकाचं वाद्य आणि मोठं ल्यूट, बाकीचं गायकांकडे.

त्याच वर्षी व्हेनिसमध्ये संत मार्कोच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी पहिल्यांदाच वादकांचा कायम पगारी संच नेमला. प्रमुख होता जिरोलामो दाल्ला काझा, आणि सोबत त्याचे दोन भाऊ. हे तिघं व्हेनिसचे नव्हेत, उदिने गावचे. उदिने तेव्हा व्हेनिसच्याच राज्यात, पण आल्प्सच्या पायथ्याशी, जर्मनभाषक मुलखाच्या वाटेवर. त्याआधी मोठ्या सणाला वादक तेवढ्यापुरते बोलावले जायचे.

या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या म्हणून त्यांच्यात कारण-परिणाम होता, असं मी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका. पण या दोन संचांमध्ये माणसांची ये-जा होती, हे मात्र दाखवता येतं. संत मार्कोचा ऑर्गनवादक आन्निबाले पादोवानो १५६० च्या दशकात व्हेनिस सोडून ग्राझच्या दरबारी गेला. जोवान्नी गाब्रिएली स्वतः १५७० च्या दशकात काही वर्षं म्युनिकला लासोच्या हाताखाली नोकरीला होता. आणि बऱ्याच पुढे, १६२१ मध्ये, म्युनिकला एक संग्रह छापला गेला. त्यात 'ला हिएरोनिमा' नावाची एकट्या ट्रॉम्बोनसाठी लिहिलेली रचना आहे. त्या वाद्यासाठी छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या एकल रचनांपैकी ती एक. रचनाकार जोवान्नी मार्तिनो चेझारे, म्युनिक दरबारचा कॉर्नेटोवादक. गाव? उदिने.

म्हणजे पाठ्यपुस्तकातला बाण व्हेनिसहून जर्मनीकडे, एकाच दिशेने काढलेला आहे. माणसांचा माग काढला तर बाण दोन्हीकडे जातात. 'व्हेनिसचा' म्हणवणारा गाब्रिएली शिकला कुठे, तर अर्धा म्युनिकमध्ये, एका बेल्जियन माणसाच्या हाताखाली.

इथे एक सावधगिरी. 'सीमा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पासपोर्ट आणि व्हिसा येतो. तेव्हा जर्मनी किंवा इटली नावाचं एक राज्यच नव्हतं. होती ती डची, इलेक्टोरेट, प्रजासत्ताक, आणि त्यांच्यातली कॅथलिक-प्रोटेस्टंट फाळणी. व्हेनिस आणि म्युनिक कॅथलिक, ड्रेस्डेन लुथरन. वादकाला अडवणारी सीमा बऱ्याचदा मालकाच्या परवानगीची असायची. एका राजाची नोकरी सोडून दुसऱ्याकडे जायचं तर सोडचिठ्ठी लागायची. तुमच्या प्रबंधात 'सीमा' हा शब्द आला, तर ती कोणाची आणि कशाची, हे पहिल्याच प्रकरणात सांगून टाका.

साक्षीदार कोण आहे?

म्युनिकच्या लग्नात आठ ट्रॉम्बोन होते, हे आपल्याला कोणी सांगितलं? मास्सिमो त्रोयानो नावाच्या माणसाने. तो नेपल्सकडचा, लासोच्या संचात गायक. लग्नाचं सविस्तर वर्णन त्याने त्याच वर्षी छापलं, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला संवादाच्या रूपात पुन्हा छापलं, इटालियन आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत. कुठल्या जेवणाला, कुठल्या पदार्थाच्या वेळी काय वाजलं, हे तो सांगतो. संशोधकाला असा साक्षीदार म्हणजे लॉटरीच.

पण तीन प्रश्न विचारायला हवेत. तो तिथे होता का? होता, स्वतः गात होता. त्याला काय मिळवायचं होतं? मालकाची मर्जी. राजाच्या लग्नाचं वर्णन राजाच्याच नोकराने लिहिलेलं. त्यात कुणी बेसूर झाल्याचं येणार नाही. तिसरा प्रश्न, दुसरा कुठला पुरावा त्याला दुजोरा देतो का? देतो, काही अंशी. लासोच्या संगीताच्या एका सुंदर हस्तलिखितात हान्स मीलिख या दरबारी चित्रकाराने लासो आणि त्याच्या संचाचं चित्र काढलंय. लासो कळफलकापाशी, भोवती गायक-वादकांची गर्दी. पण हे चित्रही त्याच राजाने काढून घेतलेलं. दोन साक्षीदार आहेत, मालक एकच.

त्रोयानोचं पुढे काय झालं ते ऐका. १५७० मध्ये एका सहकारी व्हायोलिनवादकाच्या खुनात त्याचं नाव आलं आणि तो म्युनिकहून पळाला. यावरून त्याचं लग्नाचं वर्णन खोटं ठरत नाही. ट्रॉम्बोन आठ होते की सहा, याचा खुनाशी संबंध नाही. पण त्याच्या पुस्तकात जो एकदिलाने वाजणारा संच दिसतो, त्याच्या आत काय चाललं असेल, याची एक फट उघडते. परदेशी माणसं, एकाच मालकाच्या मर्जीवर जगणारी, एकमेकांच्या जागेवर डोळा ठेवून असणारी. पुस्तकाने जे सांगितलं नाही, ते गुन्ह्याच्या कागदांनी सांगितलं.

कागद मुळात तयार का झाला?

हा प्रश्न प्रत्येक साधनापुढे विचारायचा. साध्या वादकाबद्दल कोणी कौतुकाने लिहून ठेवत नाही. त्याचं नाव उरतं ते पगार देताना, कर घेताना, किंवा तो मेल्यावर. व्हेनिसचा संच आपल्याला कळतो तो संत मार्कोच्या कारभाऱ्यांच्या नेमणुकांच्या नोंदींतून. सणापुरते रोजावर आलेले वादक फक्त खर्चाच्या नोंदीत दिसतात, तेही कित्येकदा नावाशिवाय.

लंडनचं उदाहरण बघा. आठव्या हेन्रीच्या दरबारात १५३९-४० च्या सुमारास व्हेनिसहून बास्सानो घराण्यातले भाऊ येऊन स्थायिक झाले. वादकही आणि वाद्यं बनवणारेही. पुढच्या पिढ्या तिथेच वाढल्या. कवयित्री एमिलिया लॅनियर ही याच घराण्यातली मुलगी. इंग्लंडमध्ये परकीयांना काही कर दुप्पट दराने भरावे लागत, आणि त्यासाठी परकीयांच्या याद्या व्हायच्या. त्या माणसांना भुर्दंड पडला, आणि आज संशोधकाला ते कुठल्या वस्तीत राहत होते ते कळतं. साधन सापडल्याचा आनंद होतोच, पण ते कुणाच्या खिशातून आलंय हेही बघा.

तिसरं साधन म्हणजे वस्तू. न्यूरेंबर्ग हे पितळी वाद्यांचं मोठं केंद्र होतं. तिथल्या एरास्मुस श्नित्झरने १५५१ मध्ये बनवलेला ट्रॉम्बोन आजही त्याच शहराच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जपून राहिलेल्या सर्वांत जुन्या ट्रॉम्बोनांपैकी तो एक. न्यूरेंबर्गच्याच योर्ग नॉयशेलकडे बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रशियाच्या ड्यूकने वाद्यांची मागणी केली होती, त्याचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. म्हणजे वादक इटलीचे, वाद्यं न्यूरेंबर्गची, मालक कुठलाही.

आता मघाची शक्यता आठवा: पट्टी जुळवायला ट्रॉम्बोन सोयीचा. याला कागदाचा आधार आहे का? मिखाएल प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने १६१९ च्या सुमारास वाद्यांवर मोठा ग्रंथ छापला. गावोगावच्या पट्ट्या कशा वेगळ्या आहेत, याबद्दल तो तक्रार करतो. आणि मग सांगतो, की योग्य पट्टी शोधायची तर ट्रॉम्बोनपेक्षा चांगलं साधन नाही, त्यातही न्यूरेंबर्गचा. सरकनळी शेवटापासून दोन बोटं ओढली की ठरलेला सूर मिळतो.

हे वाचून मला खूप आनंद झाला, पण नीट बघा: माझी शक्यता जशीच्या तशी सिद्ध झालेली नाही. माझं म्हणणं होतं, ट्रॉम्बोन लवचीक म्हणून प्रवासाला बरा. प्रेटोरियस उलट टोकाने येतोय. न्यूरेंबर्गचे कारागीर ठरलेल्या मापानेच वाद्यं करत होते, इतकी, की त्यांचा ट्रॉम्बोन मोजपट्टीसारखा वापरता यायचा. ग्रंथात लिहिलं ते तथ्य. 'एका गावच्या कारागिरांमुळे अनेक राज्यांतल्या वादकांना एक सामायिक माप मिळालं' हे त्यावरून काढलेलं माझं अनुमान. प्रबंधात ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहायची, एकात एक मिसळायची नाहीत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक जास्तीची गंमत. प्रेटोरियसने सोबत वाद्यांची चित्रं छापली, आणि त्यांवर मोजपट्टीही छापली. त्यामुळे चित्रातल्या वाद्याची लांबी काढता येते. फक्त त्या काळी छपाई ओलसर कागदावर व्हायची आणि कागद वाळल्यावर आकसायचा. म्हणून चित्रावरून आकडेमोड करणाऱ्यांना त्या आकसण्याचाही हिशोब धरावा लागतो. प्रयोगशाळेत आपण उपकरणाची त्रुटी लिहितो ना, अगदी तेच.

श्यूत्झ व्हेनिसला जातो

आता पाठ्यपुस्तकातल्या बाणाकडे येऊ. श्यूत्झचा जन्म १५८५ चा. हेसे-कासेलचा शासक मोरित्झ याने त्याला १६०९ मध्ये व्हेनिसला पाठवलं. १६१२ मध्ये गाब्रिएली वारला आणि त्यानंतर श्यूत्झ परतला. खर्चाला वर्षाला २०० थालर मिळायचे. मरताना गुरूने आपली अंगठी त्याला द्यायला सांगितली. फार हृद्य कथा आहे.

हे सगळं आपल्याला कोण सांगतं? स्वतः श्यूत्झ, १६५१ च्या जानेवारीत, म्हणजे जवळपास ४० वर्षांनी. आणि कशात? ड्रेस्डेनच्या इलेक्टरला लिहिलेल्या अर्जात. वय ६५, आता मला नोकरीतून मोकळं करा आणि निवृत्तीचं वेतन द्या, म्हणून. हे त्याचं एकमेव आत्मकथन, आणि ते मुळात पेन्शनचा अर्ज आहे. अर्जात माणूस आपली कारकीर्द कशी मांडतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून दुजोरा शोधायचा. तो आहे. १६११ मध्ये व्हेनिसला श्यूत्झचा पहिला संग्रह छापला गेला आणि तो मोरित्झलाच अर्पण केलेला आहे. शिवाय तो एकटा नव्हता. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले हान्स निल्सन आणि मोगेन्स पेडरसन यांचे संग्रह अनुक्रमे १६०६ आणि १६०८ मध्ये व्हेनिसलाच निघाले. म्हणजे उत्तरेकडचे राजे हुशार तरुणांना गाब्रिएलीकडे शिष्यवृत्ती देऊन पाठवत, आणि शेवटी एक छापील संग्रह दाखवावा लागे, ही रीतच होती. आजच्या भाषेत फेलोशिप आणि शेवटी पेपर! अंगठीला मात्र श्यूत्झच्या शब्दाशिवाय आधार नाही. तिथे 'श्यूत्झ सांगतो की' हे तीन शब्द घालायला विसरू नका.

१६२८ मध्ये श्यूत्झ पुन्हा व्हेनिसला गेला. पुढच्या वर्षी तिथेच त्याचा 'सिम्फोनिए साक्रे' हा संग्रह छापला गेला. त्यात 'फिली मी, आब्सालोन' ही रचना आहे: मुलाच्या मृत्यूवर दाविद राजाचा विलाप, एक खर्जातला गायक आणि चार ट्रॉम्बोन. ऐकून बघा. ट्रॉम्बोन गळ्याशी मिसळतो म्हणजे काय, हे वरच्या माझ्या परिच्छेदापेक्षा तिथे लवकर कळेल.

आणि मग पैसे थांबतात

१६१८ पासून मध्य युरोपात तीस वर्षांचं युद्ध सुरू होतं. १६३१ मध्ये सॅक्सनी त्यात पूर्ण ओढलं गेलं. पैसा सैन्याकडे गेला आणि ड्रेस्डेनच्या वादकांचे पगार थकले. श्यूत्झ १६३३ मध्ये कोपनहेगनला गेला आणि तिथे राजपुत्राच्या लग्नाचं संगीत सांभाळलं. १६४२ मध्ये तो पुन्हा गेला. त्याला दुसरा राजा मिळाला. साध्या वादकांना तो मिळेलच असं नव्हतं.

१६३६ आणि १६३९ मध्ये श्यूत्झने छोट्या धार्मिक रचनांचे दोन भाग छापले. एक ते पाच गायक, साथीला ऑर्गन, आणि जवळजवळ कुठेच दुसरी वाद्यं नाहीत. १६२९ ला चार ट्रॉम्बोन मागणारा संगीतकार सात वर्षांनी एकही मागत नाही. इथे आपलं गृहीतक मांडता येतं: पगार थांबला, वादक पांगले, म्हणून संगीताचा आकार बदलला.

घाई करू नका. दुसरं कारण असू शकतं का? असू शकतं. थोडे गायक आणि ऑर्गन अशा रचनांची चाल इटलीत आधीच होती. लोदोव्हिको व्हियादानाचा तसा संग्रह १६०२ मध्ये निघाला होता. म्हणजे फॅशन म्हणूनही श्यूत्झने तसं लिहिलं असेल. प्रयोगात दोन घटक एकदम बदलले की परिणाम कुणाचा हे सांगता येत नाही, तीच ही अडचण. मग निवाडा कशाने करायचा? १६३६ च्या संग्रहाच्या प्रस्तावनेने. युद्धाने संगीताची दैना केली आहे, हे श्यूत्झ तिथे स्वतः सांगतो. फॅशन आधीपासून हाताशी होती, युद्धाने ती गरजेची केली, असं म्हणणं सगळ्या पुराव्याला धरून होतं.

आता उलटी तपासणी. पगारच कारण असेल, तर १६४८ च्या तहानंतर मोठे संच परत यायला हवेत. १६५० मध्ये श्यूत्झचा मोठ्या संचासाठीचा संग्रह निघालाही. गृहीतक सिद्ध? नाही. त्याच सुमाराची त्याची पत्रं बघा. वादकांचे पगार अजून थकलेले, आणि एक चांगला खर्जातला गायक इतका गांजलेला की अंगावरचे कपडे गहाण टाकून घरात बसलाय. पुस्तक म्हणतं संच मोठा, पत्र म्हणतं माणूस उपाशी. दोन्ही खरं आहे. १६५० च्या संग्रहात जादा वाद्यांचे आणि गायकांचे भाग ऐच्छिक ठेवलेले होते. असले तर वाजवा, नसले तरी चालेल. छापील पुस्तक संगीतकाराची आशा दाखवतं, आणि विकलं जावं म्हणून तडजोडही दाखवतं. त्या दिवशी चर्चमध्ये किती जण उभे होते, ते पगाराच्या नोंदी आणि पत्रंच सांगतात.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. रचना एका माणसाच्या पेटीतून आली. वाद्यं न्यूरेंबर्गने पुरवली, आणि बरोबर पट्टीचं मापही दिलं. माणसं उदिने, मॉन्स, नेपल्स अशी कुठूनही येत-जात होती. धर्माची फाळणीही हा व्यवहार थांबवू शकली नाही; प्रोटेस्टंट राजा आपला माणूस कॅथलिक व्हेनिसला पाठवत होता. तुटलं ते एकच, नियमित वेतन. ते तुटल्यावर रचना, वाद्यं आणि कौशल्य हे सगळं जागेवर असून संच उरला नाही. 'प्रभाव' या शब्दाने हे दिसत नाही, कारण त्या शब्दात पगार नसतो.

तुमच्या कामासाठी

यातून उचलण्यासारख्या चार गोष्टी.

एक, अभ्यासाचं एकक विचारपूर्वक निवडा. एक थोर माणूस हे एकक सोपं असतं कारण त्याचे कागद सापडतात. संच, कारखाना, शाळा, पथक ही एककं अवघड, पण बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं.

दोन, प्रत्येक साधनापुढे एक ओळ लिहा: हा कागद कोणी, कोणासाठी, का केला? लग्नाचं पुस्तक, कराची यादी, पेन्शनचा अर्ज, छापील प्रस्तावना. वरच्या प्रत्येक साधनाची ही ओळ वेगळी येते.

तीन, गृहीतकाची उलटी तपासणी करा आणि ती अर्धवट निघाली तरी प्रबंधात ठेवा. १६५० चं उदाहरण गाळलं असतं तर माझी मांडणी जास्त चकचकीत झाली असती आणि कमी खरी.

चार, विज्ञान येत असेल तर ते वापरा, पण कागदाच्या जागी नको. सरकनळीच्या गणिताने मला प्रश्न दिला. उत्तर प्रेटोरियसने दिलं, आणि तेही मी धरून चालल्यापेक्षा वेगळं.

मराठीत असं काम करायचं असेल तर लांब जायला नको. तंजावरच्या मराठी दरबारात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळी, म्हणजे १७९८ ते १८३२ मध्ये, पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. त्या राज्याच्या कारभाराचे कागद मोडीत आहेत, आणि पाश्चात्त्य संगीताच्या प्रती तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. बँडमध्ये कोण वाजवत होतं, ते कुठून आले, शिकवलं कोणी, पगार कुठल्या खात्यातून निघायचा? मोडी वाचता येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यासाठी यात पूर्ण प्रबंधाचा ऐवज आहे.

सराव म्हणून एक करा. तुमच्या विषयाचं सगळ्यात गुळगुळीत वाक्य निवडा, ज्यात 'प्रभाव पडला' किंवा 'योगदान मोठे आहे' असं काहीतरी आहे. मग विचारा: हे घडायला किती माणसं लागली, त्यांना पैसे कोण देत होतं, आणि ते थांबले तेव्हा काय झालं? जे तीन-चार प्रश्न पडतील, त्यातला एक तुमच्या संशोधन-आराखड्यात नक्की बसेल.